फोटोतून कापलेली रांग

रायपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे हिंदीत बोलायचे. माझे गाइड मराठी होते, पण माझ्याकडून काही करून घ्यायचं असलं तरच मराठीवर यायचे.

मी तिवऱ्यावर पीएच.डी. करत होते. तिवरा म्हणजे आपली लाखोळी. इकडे धान उभं असतानाच शेतात तिचं बी फेकतात. तिच्या डीएनएवर फारसं काम झालेलं नाही, म्हणून तिच्या नात्यातल्या वाटाण्यासाठी बनलेले मार्कर तिच्यावर चालतात का, ते मी तपासत होते. मार्कर म्हणजे डीएनएतली एक ठरावीक जागा शोधणारा तुकडा; ती सापडली की जेलच्या चकतीवर, त्या नळीच्या रांगेत, उजळ पट्टा, म्हणजे बँड, दिसतो.

पट्टे आले. सगळ्या मार्करांचे आले आणि अगदी वाटाण्याच्याच उंचीवर. सर खूश. मी शेवटची रांग बघत होते. त्या नळीत झाडाचा डीएनए नव्हताच, नुसतं पाणी होतं. तिथंही पट्टा! म्हणजे आमच्या द्रावणातच वाटाण्याचा डीएनए मिसळला होता.

"सर, पाण्यातही आलाय."

"मग ती रांग काप फोटोतून."

"पण तिवऱ्याचे पट्टे खरे कशावरून?"

"नातलग आहेत, येणारच. बेटा, आपण मराठी माणसं. सांभाळून घ्यायचं."

आपण! माझं आडनाव कळल्यापासून या माणसानं मला एकदाही घरी चहाला बोलावलं नव्हतं. बाकी सगळ्यांना बोलावलं होतं.

गुढियारीला घरी पोचले तेव्हा माझं डोकं नुसतं भणभणत होतं. आई म्हणाली, "काहून तणतणून राहिली?"

मी सगळं सांगितलं.

"मंग पुन्हा कर ना. खरकट्या भांड्यात दूध टाकते का कोनी?"

मी सगळी द्रावणं फेकली, नवी केली. तीन महिने गेले. या वेळी पाण्याची रांग कोरी राहिली. निम्म्याहून जास्त मार्कर तिवऱ्यावर चाललेच नाहीत. जे चालले, त्यांनी मात्र मी दोन गावांतून आणलेला तिवरा एकमेकांपासून वेगळा दाखवला. मला रडूच आलं.

त्याच आठवड्यात विभागाच्या बैठकीत सरांनी जुना फोटो पडद्यावर लावला. कापलेला. कापायला त्यांना माझी गरजही पडली नव्हती.

मी उभी राहिले. "सर, पानीवाली लेन दिखाइए."

सर हसले, "बाद में बात करेंगे," म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. कोणीही दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याचाच राग मला जास्त आला.

नंतर त्यांनी माझ्या अर्जांवर सही करायचं बंद केलं. गाइड बदलण्यात माझं एक वर्ष गेलं. प्रबंधात मी प्रत्येक जेलचा फोटो पूर्ण छापला, न चाललेल्या मार्करांसकट. त्यांचा पेपर मात्र तोच कापलेला फोटो घेऊन छापून आला, आणि मी संपादकांना पत्र लिहूनही कोणी तो मागे घेतला नाही.

परवा पीएच.डी.ला लागलेली एक नवी पोट्टी सरांचा तो पेपर घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"दीदी, सहा महीने हो गए. हमारे तिवरा में इतने बैंड क्यों नहीं आ रहे?"