सॉफ्टवेअरचा हंगाम

"स्टॉक दाखवा," मी म्हणालो आणि वैशालीताई आहेर यांनी माझ्यापुढे एक लॅपटॉप सरकवला.

मी लॅपटॉपच्या मागे पाहिलं. उचलून खालीही पाहिलं. बँकेच्या तपासणी फॉर्मवर 'मालाचा साठा, प्रत्यक्ष मोजून' असा रकाना होता आणि तिथे आकडा भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तीस वर्षं मी आकडे भरत आलो होतो. सिन्नरच्या एका पोल्ट्रीत मी सहा हजार कोंबड्या एकेक करून मोजल्यात. कोंबडी काही एका जागी उभी राहत नाही. त्यामुळे काहींची गणती चारचारदा झाली आणि एक तर संध्याकाळपर्यंत मला ओळखायला लागली. एका म्हशीनं माझा अर्धा फॉर्म खाल्ला होता. ते कर्ज मुदतीच्या आधी फिटलं. पण इथे, नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांत, चार टेबलं, चार प्रोग्रामर आणि पाण्याचा एक जार. जार मी मोजून घेतला.

"ताई, माल कुठंय?"

"हाच माल आहे, साहेब. आम्ही सॉफ्टवेअर पब्लिश करतो. पुस्तकासारखं. एकदा लिहायचं, मग शंभर लोकांना विका की हजार लोकांना. गोडाऊन लागत नाही."

मी पडलो शेतीकर्जाचा माणूस. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मला लघुउद्योगाच्या टेबलावर बसवलं होतं, कारण तिथल्या ऑफिसरची बदली झाली आणि माझं टेबल पंख्याखाली होतं, ते दुसऱ्या कुणाला तरी हवं होतं. ज्या धंद्याला गोडाऊन नाही, त्यात आग लागली तर विझवायची कुठे, इथपासून माझी तयारी होती.

ताईंचं सॉफ्टवेअर कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी होतं. मार्केट यार्डात लिलाव झाला, ट्रॉलीचं वजन झालं की शेतकऱ्याला हिशोबपट्टी द्यावी लागते. वजन इतकं, भाव इतका, हमाली-तोलाई वजा जाता हातात इतके. व्यापारी हे पूर्वी हातानं करायचे. कांद्याच्या सीझनला नामपूरच्या यार्डाबाहेर ट्रॅक्टरची अशी रांग लागते की पहिल्या ट्रॉलीची पट्टी होईस्तोवर शेवटच्या ट्रॉलीतल्या कांद्याला कोंब येतात. ताईंचे वडील त्याच यार्डात मापाडी, म्हणजे काट्यावर वजन करणारे. त्या लहानपणापासून तो गोंधळ बघत आल्या होत्या. इंजिनिअर झाल्या, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि परत येऊन त्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं. आता नाशिक जिल्ह्यातले तीनशेच्या वर व्यापारी ते वापरत होते. प्रत्येक जण वर्षाची फी भरतो. याला म्हणतात लायसन्सचं रिन्यूअल.

त्यांना हवे होते बावीस लाख. कारण सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालत होतं आणि व्यापाऱ्याला ते आता लिलावात उभं राहून मोबाईलवर पाहिजे होतं. दक्षिणेतली एक मोठी कंपनी मोबाईल ॲप घेऊन यार्डात उतरली होती. त्यांचा सेल्समन पहिलं वर्ष फुकट म्हणत फिरत होता, सोबत टोपीही देत होता.

"दिवाळीपर्यंत आमचं ॲप आलं नाही, तर गिऱ्हाईक जाईल," ताई म्हणाल्या. "गिऱ्हाईक गेलं की ही चौघं जातील. मग मी पुन्हा पुण्याला. तिथं कोणाचं तरी सॉफ्टवेअर लिहीत बसेन."

त्या रडल्या वगैरे नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे केला. जूनचा महिना होता.

मी प्रपोजल तयार केलं. तारण म्हणून काही नसलं तरी अशा छोट्या धंद्यासाठी सरकारची गॅरंटी योजना असते, तो प्रश्न सुटला. साठ्याच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं. तीस वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला. फाईल ब्रँच मॅनेजर गायधनी मॅडमकडे गेली. वयानं माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान, पण बॅलन्सशीट अशी वाचतात की कागदाला घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बोरस्ते साहेब, हे स्टेटमेंट तुम्ही पाहिलंत का?"

पाहिलं होतं. पण नीट नव्हतं पाहिलं. पाच वर्षांच्या खात्यात दरवर्षी दिवाळीच्या दोन-तीन दिवसांत पैशांचा पूर आणि बाकी वर्षभर फक्त खर्च. पगार, वीज, भाडं, पगार.

"अकरा महिने जमा शून्य. सिस्टीमनं लाल शेरा मारलाय," मॅडम म्हणाल्या. "या बाई पहिल्या महिन्याचा ईएमआय कुठून भरणार? आणि दुसरं सांगू? तीनशे पार्ट्या दोन दिवसांत सारख्याच रकमा भरतात. हा मला फिरवलेला पैसा वाटतो."

फिरवलेला पैसा म्हणजे आपलेच पैसे दहा खात्यांतून फिरवून आपल्याच खात्यात आणायचे आणि धंदा जोरात चाललाय असं दाखवायचं. बँकेत हा शब्द कोणी उच्चारला की फाईल आपोआप कपाटाकडे चालायला लागते. मी ती दारात अडवली. दोन दिवस द्या म्हणालो.

ताईंना न सांगता मी सटाण्याची एसटी धरली आणि तिथून नामपूर. न सांगता अशासाठी, की सांगून गेलं की सगळं छान असतं. सटाण्यापासून पुढच्या रस्त्यानं माझ्या हाडांची इतकी कसून तपासणी केली की तितकी मी बँकेच्या फॉर्मवर कधी केली नसेल. फाईलमधल्या गिऱ्हाईकांच्या यादीतलं पहिलं नाव सोडलं, शेवटचं सोडलं आणि मधलंच एक धरलं. भामरे आप्पा. यार्डात गाळा, पांढरी टोपी, समोर लॅपटॉप. लॅपटॉपच्या झाकणावर हळदीकुंकवाचे डाग, ठसठशीत. एकावर एक, पाच वर्षांचे असावेत.

मी बँकेतून आलोय हे सांगितलं. आप्पांनी आधी चहा सांगितला आणि मग संशय घेतला. मी विचारलं, या सॉफ्टवेअरचे पैसे तुम्ही दिवाळीतच का भरता?

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की जेवण तोंडानंच का करता.

"साहेब, लक्ष्मीपूजनले वही पुजतस ना आम्ही? नवी वही तोच दिवस येस. आते हाई भी वहीच शे." त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. "मंग पैसा भी तोच दिवस. मधमाच कोण वही इकत लेस?"

म्हणजे असं, की लक्ष्मीपूजनाला हिशोबाची नवी वही आणून पुजायची, ही इथल्या व्यापाऱ्यांची रीत. आता वहीच्या शेजारी लॅपटॉप ठेवतात, त्यालाही कुंकू लावतात आणि त्याच मुहूर्तावर फी भरतात. वर्षाच्या मध्ये वही कोणी बदलत नाही, तर सॉफ्टवेअरचे पैसे तरी कोण देणार?

आप्पांनीच पुढची गोष्ट सांगितली, ती ताईंनी मला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ताईंनी शहरी सल्ला ऐकून दरमहा बिल पाठवायचं ठरवलं. पहिलं बिल श्रावणात गेलं. यार्डात खळबळ उडाली. व्यापाऱ्यांना वाटलं, आहेरांची पोर आपल्यावर भरवसा ठेवत नाही, महिन्या-महिन्यानं पैसे मागते. अकरा जण सोडून गेले. ताई स्वतः येऊन प्रत्येक गाळ्यावर माफी मागून गेल्या आणि पुन्हा दिवाळीवर आल्या.

"अकरा म्हंजी मोठा आकडा व्हता का?" मी विचारलं. माझी भाषाही तोवर बदलायला लागली होती.

"त्यातला सात परत उनात," आप्पा म्हणाले. म्हणजे परत आले.

आणि त्या फुकटच्या ॲपचं काय, असं विचारलं. आप्पांनी आतल्या खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे कंपनीची टोपी लटकत होती. "टोपी लिधी. पन त्यामा हमालीना हिशोब चुकस. वैशालीनं मोबाईलवर काढं तं मी कोठेच जात नही. नही काढं, तं जानं पडी." नाही काढलं तर जावं लागेल, हे शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं.

परतीच्या एसटीत दोन्ही बाजूंना शेतं पळत होती आणि माझ्या डोक्यात तीस वर्षांचा अनुभव एकदाचा जागा झाला. वर्षभर खर्च, एकदाच उत्पन्न, आणि ते नेमकं ठरलेल्या वेळी. अहो, हे तर द्राक्ष आहे. द्राक्षबागेला मी आयुष्यभर कर्ज दिलं. ऑगस्टमध्ये तुमच्या खात्यात पैसे का नाहीत, असं एकाही बागायतदाराला बँकेनं कधी विचारलं नाही. पीक आलं की भरा, असंच म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी हेच मी गायधनी मॅडमना सांगितलं, जरा मोठ्यानं. शेजारच्या कॅशियरनं मोजणी थांबवली.

"साहेब, ही शेती नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही. पण पीक वर्षातून एकदाच येतं. मग हप्ताही एकदाच घ्या. व्याज दरमहा, मुद्दल दिवाळीनंतर."

"आणि गारपीट झाली तर?"

हा प्रश्न बरोबर होता. टोपीवाली कंपनी म्हणजे गारपीटच. मी पाच वर्षांची रिन्यूअलची यादी पुढे ठेवली. कोण आलं, कोण गेलं, कोण परत आलं. मॅडमनी यादीवर डोळे मिटून बोट ठेवलं आणि तिथला नंबर फिरवला. असे तीन फोन लावले. पहिला म्हणाला, हो, चांगलं आहे. दुसऱ्यानं उचलला नाही. तिसरा भर लिलावात होता. त्यानं मॅडमना सुनावलं की बँकेला कामधंदा नसेल, मला आहे. वैशालीताईंचं काम असेल तर कर्ज देऊन टाका आणि दुपारी दोननंतर फोन करा. मॅडमनी फोन ठेवला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, कारण मला हसू आवरत नव्हतं.

"फिरवलेला पैसा असा बोलत नाही," त्या म्हणाल्या आणि फाईल ओढून घेतली.

पुढे सहा आठवडे गेले. उद्योग कर्जाला वर्षाचा हप्ता सिस्टीममध्ये बसेना, म्हणून रीजनल ऑफिसची खास परवानगी लागली. तिथल्या साहेबांनी विचारलं, हा प्रकार कोणी शोधून काढला? मॅडमनी माझं नाव सांगितलं, म्हणजे चुकलं असतं तर तेही माझंच. मंजूर झाले चौदा लाख. उरलेले आठ लाख ॲप चालू झाल्यावर. ताईंना सांगायला गेलो तेव्हा चौघांपैकी एक जण पुण्याची ऑफर घेऊन निघून गेला होता. ताईंनी आकडा ऐकला, वहीत काहीतरी मांडलं आणि म्हणाल्या, "चौदात करू. त्याच्या वाटचा कोड मी लिहिते."

ॲप दिवाळीच्या आठ दिवस आधी आलं. पहिल्या दिवशी ते तीनदा बंद पडलं आणि ताई नामपूरच्या यार्डात पोत्यावर बसून दुरुस्त करत होत्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फराळाचं निमित्त काढून पाथर्डी फाट्याला गेलो. टेबलावर ताईंचा फोन होता आणि त्यावर बँकेचे मेसेज असे पडत होते की फोन स्वतःच टेबलावरून चालत चालत काठापर्यंत आला. ताईंनी तो दोनदा पकडला. मधेच एक मेसेज आला तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. सोडून गेलेल्या अकरा व्यापाऱ्यांतल्या, न परतलेल्या चौघांपैकी एकाचा होता. त्यानं फी भरली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'हमाली बरोबर येते.'

तेरा जण त्या फुकटवाल्यांकडे गेले, तेही सांगतो. बाकीचे राहिले. पहिला वार्षिक हप्ता मुदतीच्या बारा दिवस आधी आला. मॅडमनी तो स्वतः जमा केला आणि मला म्हणाल्या, आता असे आणखी कोणी असतील तर बघा. मी बघितलं. शाळांचं सॉफ्टवेअर करणारा एक निघाला, त्याचे पैसे जूनमध्ये येतात. पैठणीवाल्यांच्या हिशोबाचं करणारी येवल्याची एक निघाली, तिचे लग्नसराईत.

निवृत्त झालो तेव्हा नवा ऑफिसर म्हणाला, लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट सांगा. मी म्हणालो, प्रत्येक धंद्याची दिवाळी वेगळ्या महिन्यात येते. आपली बँक दरवर्षी हजारो कॅलेंडरं फुकट वाटते. कर्ज नाकारण्याआधी त्यातलं एक गिऱ्हाईकापुढे धरावं आणि विचारावं, तुमची कधी?