उजवा बैल

आमच्या गायीला जुळे गोऱ्हे झाले. रंग एक, कपाळावरचा पांढरा ठिपका एक, पुढे शिंगांचा बाकही एकच. एकाच आईचं दूध प्यायले, एकाच गोठ्यात वाढले, तरी एक इतका गरीब की मिठाचा हात पुढे केला की चाटत बसायचा. दुसरा मात्र जवळ जाईल त्याच्यावर शिंग उगारायचा. बाबा त्याला रोज बडवायचे. सिद्धगडाच्या पायथ्याला अशी जोडी कुणाकडे नव्हती आणि ती म्हसा गावच्या जत्रेत मिरवायची, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं. "एका वेताचं हाय, यो बी तसाच व्हायला पायजे," म्हणत काठी घालायचे. मला त्या काठीचा संताप यायचा.

आमच्याकडे जोताला बैलाची बाजू ठरलेली असते. डावा तो डावा, उजवा तो उजवा, बदलायची नाही. त्यामुळे बाबांना तोंड बघून ओळखावं लागत नसे. उजवा म्हणजे मारका.

नव्वदच्या दशकातला तो पावसाळा. चिखलणी चालू असताना मारक्याचा खांदा जुवाने सोलला. सोललेल्या जागी जू घासू नये म्हणून दादाने बाबांना न विचारता त्या दिवशी बाजू बदलून बैल जुंपले. दुपारी जोत सोडायला तो वाकला आणि मारक्याने मान झटकून शिंग त्याच्या पोटात घातलं. दादा एकदाच ओरडला आणि चिखलात बेशुद्ध पडला. मारका शांतपणे रवंथ करायला लागला.

बाबा वरच्या बांधावरून पहार घेऊन धावत आले. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग उजव्या बैलाकडे. पहिला घाव कपाळावर बसला. मी भाकरी घेऊन येत होते. मार खाणारा बैल माझ्याकडे मान वळवून जीभ काढत होता.

"बाबा, तो नाय! तो नाय!" मी बोंबलत धावले.

"उजवा हाय ना गो!" म्हणाले आणि मारतच राहिले. बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला, नाकातोंडातून रक्ताचा फेस आला. मी पहारीला लोंबकळले तोवर सगळं संपलं होतं.

दादा मुरबाडच्या दवाखान्यात वाचला. शुद्धीवर आल्यावर बाजू बदलल्याचं त्यानेच सांगितलं. बाबांनी मारक्याला विकलं नाही, पुन्हा हातही लावला नाही. आणि त्या जनावराने नंतर कधी कुणावर शिंग उगारलं नाही! नव्या जोडीदाराबरोबर म्हातारा होईपर्यंत मुकाट नांगर ओढला.

मी पुढे जीवशास्त्र शिकले, शहापूरला शिकवायला लागले. एकदा सुट्टीत घरी आले तेव्हा बाबांनी गोठ्यात गाठलं. "तू शिकलीस ना? एका वेताचे, एका दाणावैरणीचे. मंग एक तसा का, नि एक असा का? नि आता यो गरीब का झाला?"

मी खरं तेच सांगितलं. गर्भ वाढताना पेशीपेशीत बारीकसारीक उलटसुलट होत असतं, कुणी ते ठरवत नाही, त्यामुळे रक्त एक असूनही जीव सारखे निघत नाहीत. पुढेही कोण कधी कसा बदलेल, सांगता येत नाही. "काही गोष्टींना कारणच नसतं, बाबा."

त्यांनी खाडकन माझ्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्याच हाताने माझा दंड धरून मला गदागदा हलवत राहिले.

"कारण नाय? मंग त्याला मी कशापायी मारला गो? सांग ना, कशापायी मारला?"