पुढच्या चाकांचं काम

आंधळगावच्या धानाच्या गिरणीवाल्या मावशीनं मला मदत केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना कुणालाही वाटेल की ही बाई माझी वैरीण असावी. तिच्या तोंडून दयेचा एक शब्द मी कधी ऐकला नाही. आणि आज या भंडारा जिल्ह्यात माझ्या नावाची गाडी चालते, ती तिच्यामुळं.

मी सांगोल्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. बोअर मारणाऱ्या टोळीची गाडी चालवत इकडं आलो. टोळीत सगळे आमच्याच भागातले, त्यामुळं इकडची बोली कानावर पडायची, पण अर्थ लावायची गरज पडायची नाही. टोळी परत गेली, मी राहिलो. मावशीच्या गिरणीमागं खोली घेतली. नाकाडोंगरीच्या पलीकडं जंगलात मोबाइलचे टॉवर आहेत. पावसाळ्यात तिथं डिझेल, बॅटऱ्या आणि माणसं पोचवायला एका ठेकेदाराला मालकासकट गाडी हवी होती. अट एकच, डिझेल गाडी आणि चारही चाकं ओढणारी. घरून निघताना थोरला भाऊ चार माणसांत म्हणाला होता, "जा, येशील परत. तुझी शाळा सुटली तसं तुझं सगळं अर्ध्यातच सुटतं." ते काम मिळालं तर मला परत जावं लागणार नव्हतं.

तुमसरच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. त्याची आंधळगावात पुष्कळ धानशेतीही होती. आवाराच्या कोपऱ्यात एक जुनी जीप चिखलात बुडापर्यंत रुतून उभी होती. मी भित्रा माणूस, घाईनं काही घेत नाही. पट्टी काढून ऑइल बोटावर चोळलं, चेसिसला नखानं खरवडलं. सेल्फ मारला, पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झालं, मग ऑइलचं झाकण उघडून धूर पाहिला. गिअरशेजारचा चार चाकांचा छोटा दांडा ओढला, खट करून बसला. खाली शिरून बघायला जागाच नव्हती. म्हणून विचारलं, "पुढची चाकं ओढतात का?"

"पुढच्या चाकायचं काम करून राहिलो ना, भाऊ," व्यापारी म्हणाला.

आमच्याकडं कुणी असं म्हटलं तर ते काम उरकलं, माणूस मोकळा झाला. तरी माझा जीव राहिना. दोन पावलं जाऊन परत विचारलं, मग पैसे हातात असताना आणखी एकदा. प्रत्येक वेळी तो हसून तेच म्हणाला, करून राहिलो. तिसऱ्या वेळी त्याच्या गड्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं, माझ्या शंकेखोरपणाला हसतोय. साठवलेलं सगळं दिलं, गड्यांनी ढकलून गाडी चिखलातनं काढली आणि मी ती घेऊन आलो.

ठेकेदारानं परीक्षा घेतली ती रोवणीच्या दिवसांत, बोडीच्या खालच्या वाटेवर. बोडी म्हणजे इकडचा लहान तलाव. त्याच्या पाण्यानं दोन्हीकडच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरलेली, बायका वाकून धान रोवत होत्या. मी छोटा दांडा ओढला आणि गाडी चिखलात घातली. मागची चाकं गरगर फिरली. पुढची दोन जागच्या जागी, जणू त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. जेवढा पाय दाबला तेवढी गाडी रुतली आणि मागचा सगळा चिखल ठेकेदाराच्या पांढऱ्या शर्टावर गेला. बायका रोवायचं थांबवून सरळ उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, रोवणी करायला आणली का गाडी? ट्रॅक्टरनं ओढून बाहेर काढेपर्यंत त्या कुणी परत वाकल्या नाहीत.

ठेकेदार गाडीखाली डोकावला आणि मलाही बघायला लावलं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडं नेणारा लोखंडी शाफ्ट जिथं असतो, तिथं काहीच नव्हतं. "दोन चाकं तर माझ्या फटफटीलाही आहेत," तो म्हणाला. परवा दुसरा एक माणूस गाडी दाखवायला येणार होता. तोपर्यंत माझी चारही चाकं फिरली तर ठीक.

मी तसाच आवारात गेलो. व्यापारी खुर्चीत बसून चहा पीत होता, भोवती पाचसहा माणसं होती. मी फसवलंत म्हणालो. त्यानं चहा खाली ठेवला आणि कोपऱ्याकडं बोट केलं. पोत्यावर माझा शाफ्ट पडला होता, त्याचा झिजलेला क्रॉस, म्हणजे जोडणीचा सांधा, शेजारी.

"खोटं बोललो का मी? करून राहिलो म्हटलं. अजूनही करूनच राहिलो."

मग त्यानं माझी शाळा घेतली. जेवून राहिलो म्हणजे काय, सांग. झोपून राहिलो म्हणजे? "बरं, एक मानूस मरून राहिला. मंग तो मेला का जित्ता हाये?" माणसं मांड्या थोपटून हसली. मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, मेला. तेव्हा तर एकाच्या नाकातून चहा आला. पुण्यावाल्याला कुणीतरी पहिलीत बसवा रे, असं कुणी म्हणालं. मी पुणं पाहिलेलंही नाही, पण इकडं आमच्या बाजूचा प्रत्येक माणूस पुण्यावाला. तेव्हा कळलं, इकडं करून राहिलो म्हणजे करतोय, अजून झालेलं नाही. काम कधी होईल विचारलं तर व्यापारी म्हणाला, होऊन राहिलं.

मावशीला सांगितलं तेव्हा ती सगळ्यात जास्त हसली. गिरणीचा पट्टा बंद करून, पोत्यावर बसून, डोळे पुसत. "मेला म्हनला? अन् हे तोंड घेऊन तू जंगलात गाडी चालवशील? तिथं कोनी म्हनलं वाघ येऊन राहिला, तर तू म्हनशील आला अन् गेला." मी खोलीत जाऊन पिशवी भरायला लागलो. तिनं दारातून पाहिलं, एवढंच म्हणाली की सकाळी गाडी काढ, मले तुमसरले जायचं हाये.

सकाळी तिनं गिरणीला कुलूप लावलं. गिऱ्हाईक पोती घेऊन उभं होतं, त्याला वाट बघ म्हणाली. आवारात उतरल्यावर ती सरळ व्यापाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसली. तो अजून यायचा होता. आला तेव्हा तिनं विचारलं, "काम करून राहिला ना तू?"

तो म्हणाला, हो, करून राहिलो, मावशी.

"कर मंग. मी बसून राहिली. पाहू कोन पयले उठते."

ती उठली नाही. गाडी बघायला जो येईल त्याला हाक मारून जवळ बोलवायची आणि मला पुढं उभं करायची. "याले पाहा. याले बोलता येत नाही, समजत नाही, शाळेनंही याले ठेवलं नाही. अन् एवढा मोठा सेठ याले शब्दात हरवून राहिला. लेकराच्या हातची भाकर हिसकल्यासारखं." लोक माझ्याकडं बघायचे, तोंडाकडं, चपलांकडं. व्यापारी मला हसला होता तेव्हा निदान मी गडी माणूस होतो. मावशीनं मला लेकरू करून टाकलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण जो ऐकायचा तो पाकीट खिशातच ठेवून परत जायचा, आणि मी हालू नये म्हणून तिनं माझी बाही धरून ठेवली होती. दुपार टळली तेव्हा व्यापाऱ्यानं मिस्त्रीला शिवी देऊन हाक मारली. नवा क्रॉस आला, शाफ्ट चढला. गाडीखाली पडून प्रत्येक बोल्ट मी स्वतः हातानं चाचपला. मावशी उठली, पदर झटकला आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "आता म्हन, झालं."

त्याला ते म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बोडीखालच्या त्याच वाटेवरनं गाडी चारही चाकांनी वर आली. काम मिळालं. भावानं फोनवर दोनदा विचारलं, खरंच मिळालं का?

धान निघालं तेव्हा व्यापाऱ्याची पोती मावशीच्या गिरणीवर आली नाहीत. त्याच्या भावकीचीही नाहीत. ती सगळी गिरणीसमोरून दुसऱ्या गिरणीवर गेली, आणि ट्रॅक्टरवाले जाताना मुद्दाम हॉर्न वाजवत. पट्टा अर्धा दिवस बंद राहायला लागला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुह्या गाडीनं माही गिरणी खाल्ली, पोट्ट्या. आता तोंड पाडू नको, दिसाले आधीच कमी हायेस."

माझी गाडी जंगलात भरून जाते आणि रिकामी परत येते. तिथल्या दोन गावांत मी विचारून पाहिलं, तुमचं धान आंधळगावला नेऊ का, भाडं नको. ते हसले. एवढ्या लांब धान भरडायला कोण जातं? पुन्हा विचारलं. आता तिथंही मला बघितलं की हसतात. मी विचारायचं सोडलेलं नाही.

हे मावशीला सांगितलं तेव्हा म्हणालो, तुमचं मी फेडून राहिलो. इतक्या दिवसांत एवढी बोली मला आली आहे.

पट्टा घसरू नये म्हणून त्यावर पावडर टाकता टाकता तिनं विचारलं, "फेडून राहिला, म्हनजे फेडलं का?"

नाही, मावशी. म्हणून हे आमच्या सांगोल्याच्या बोलीत लिहून ठेवतो, तिथं फेडीन म्हटलं की एकच अर्थ निघतो. एक दिवस ही गाडी जंगलातनं धानाची पोती भरून तुमच्या दारात उभी करीन. मी फेडीन.