घरून काम, म्हणून कमी पगार

मी तिला खोटं सांगून कमी पगारावर घेतलं. नाइलाज होता, वरून दबाव होता, असं काहीही नव्हतं.

मरोळच्या आमच्या ऑफिसात मोबाइल ॲपच्या स्क्रीन डिझाइन होतात. मीही डिझायनरच; नवे डिझायनर निवडण्याचं कामही माझ्याकडे. ती मुलुंडची, घरूनच काम करणार होती. आईच्या आजारपणात तिची आधीची नोकरी सुटली होती. आमच्याकडे सगळेच विचारतात तसं मीही विचारलं, "आधी किती मिळत होते?" तिने जुन्या सॅलरी स्लिप पाठवल्या. त्या आकड्यावर मी किंचित चढवलं आणि म्हणालो, "मार्केट थंड आहे गं. शिवाय तुझं येणंजाणं वाचतंय."

"माझं येणंजाणं वाचलं, म्हणून काम कमी होणारे का, सर?"

मी हसण्यावारी नेलं. तिला नोकरीची गरज होती. ती हो म्हणाली.

मार्केट थंड नव्हतं. त्याच सुमारास अंधेरीच्या एका डिझायनरला मी याच कामाचे, तेही घरूनच, जवळजवळ दीडपट दिले. का, तर त्याने जुना पगार सांगायला साफ नकार दिला. मराठी-हिंदी स्क्रीन नीट करणाऱ्यांना तर मागणी वाढतच होती. माझ्या स्क्रीनमधल्या बटणांवर वेलांटीचा माथा कापला जायचा; तिच्या कधी नाही. डिझाइनच्या फाइलवर आम्ही सगळे एकाच वेळी काम करतो. तिथे तिच्या नावाचा माऊसचा बाण फिरताना दिसला की मी नजर दुसरीकडे वळवायचो.

यंदा मालकांनी बोलावलं. "अर्ध्या स्क्रीन आता एआय काढतं. घरून काम करणाऱ्यांचे पगार खाली आण. मुलुंडवालीपासून सुरू कर, ती काही बोलायची नाही."

"ती बोलली होती. मी ऐकलं नाही."

"मग आता तिला ऐकव."

"नाही ऐकवणार. तिला अंधेरीवाल्याइतका पगार द्या. नाहीतर माझ्या जागी दुसरा माणूस बघा."

"डोकं फिरलंय का रे तुझं? घरी बसायचंय?"

"घरी बसूनही काम होतं, तेच सांगतोय."

एआय स्क्रीन काढतं, हे खरं. पण त्या दुरुस्त कोण करतं, हे मालकांनाही माहीत होतं. पगार कामाचा द्यायचा असतो; खुर्ची मरोळला आहे की मुलुंडला, याचा नव्हे. हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं याची लाज वाटते, पण कळल्यावर मी मागे हटणार नव्हतो.

कुरकुरत का होईना, मालक तयार झाले. अट एकच: "चांगल्या कामाबद्दल वाढ दिली, असं सांग तिला. तुझीही अब्रू राहील."

ती अब्रू मला नको होती. पगारवाढीचा मेल तिला गेला, तसा मी फोन लावला.

"थँक्यू सर! मला वाटलंच नव्हतं हो."

"थँक्यू म्हणू नकोस. ही वाढ नाहीये. एवढा पगार तुला पहिल्या दिवसापासून मिळायला हवा होता. दुसऱ्याला मी तो देत होतो. तुला गरज आहे हे दिसलं, म्हणून मार्केटचं खोटं सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर."