घट्टमामाचा पातळ कारभार

होता रंगारी, पण डब्यात थेंबभर पाणी जास्त पडू देत नसे, म्हणून सगळे त्याला घट्टमामा म्हणत. गिऱ्हाइकानं "पातळ करत नाही ना?" म्हणायचा अवकाश, मामाचं उत्तर तोंडात तयार: "आपल्याकडे पातळ कारभार नाही." झोपेत विचारलं तरी हेच म्हणेल, असं बायको सांगायची.

मामाची डावी पोटरी भोपळ्यासारखी सुजली. गल्लीतल्या डॉक्टरांनी शिरेत रक्ताची गाठ धरलीय म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि शिडी बंद केली. इकडे तीन मजली जिन्याचं काम मेहुण्याकडे जायला निघालं. मेहुणा रंगात इतकं पाणी घाली, की भिंतीला नुसती आंघोळ व्हायची.

मोठ्या दवाखान्यात तपासणी ठरली. मामाच्याच रक्तातल्या, गाठ बांधणाऱ्या पेशी काढायच्या, त्यांना किरणांचं औषध लावायचं आणि परत शिरेत सोडायच्या. गाठ अजून वाढती असली तर त्या तिथं जाऊन चिकटतात, फोटोत चमकतात. फोटो कोरा आला की शिडी परत मिळणार होती.

सुई टोचण्याआधी नर्सबाईंनी विचारलं, "मामा, पातळ करायचं काही घेता का?"

"आपल्याकडे पातळ कारभार नाही," मामा छाती काढून म्हणाला.

फोटोत पोटरी कोरी आली. मामा तिथूनच मेहुण्याला फोन लावणार, तेवढ्यात बायकोनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिथल्या डॉक्टरांपुढे धरली. "मग या पायाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का हो?"

डॉक्टरांनी पट्टी वाचली, मग मामाकडे बघितलं. "अहो, ही रक्त पातळ करायचीच गोळी. ही चालू असली की पेशी गाठीवर नीट चिकटत नाहीत. गाठ असूनही फोटो कोरा येऊ शकतो."

"तेलकट भिंत," मामा पडेल आवाजात म्हणाला. "रंग धरत नाही."

"तसंच समजा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही."

"आणि शिडी?"

"ती बंदच."

"घ्या," बायको म्हणाली, "झोपेत नव्हे, जागेपणीच म्हणालात."

दुसऱ्या मशीनवर पाय बघितला. गाठ होती तिथंच बसलेली.

जिना मेहुण्यानं रंगवला. मामा खाली स्टुलावर, पाय पालथ्या डब्यावर टाकून, ओघळ बघत बसला. वरच्या मजल्यावरच्या काकू उतरता उतरता थबकल्या. "काय मामा, पातळ केलंय वाटतं?"

"केलंय," मामा म्हणाला. "रक्त मी. रंग यानं."