बोटीवरचं इंग्रजी

माझं अक्षर वाईट, शुद्धलेखन चौथीपुरतंच, सांभाळून घ्यावं.

आज आमच्या यांची बोटीवरची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाने यांचं बोटीवरचं इंग्रजी आणि त्यापायी लेकीची जामसंड्याची शाळा आठवली. यांनी परदेशी खलाशांकडून उचललेलं इंग्रजी तिने निबंधात लिहिलं. वर्ग हसला. तिने शाळाच सोडायचा हट्ट धरला, तेव्हा मी तिला घेऊन घाबरत तिच्या इंग्रजीच्या बाईंकडे गेले.

"ह्यां इंग्रजी चुकीचां आसा काय, बाई?" शाळेत असूनही तोंडातून मालवणीच निघालं.

"चुकीचां कित्याक, वयनी? ती त्या खलाशांची मालवणी! घराकडे बोलांदे तिका. परीक्षेच्या पेपरातलां मी शिकवतंय."

बाई तेव्हा शुद्ध बोलल्या असत्या, तर मी गप्पच परतले असते, असं आता वाटतं. वाटभर लेक बापाचं इंग्रजी बोलत होती आणि मी काही न कळता "होय गो, होय" म्हणत होते.