दिलेली बाग

बांगलादेशाने द्राक्षांवरचा आयात कर वाढवल्याची बातमी आली, तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी फोन ऐकला, हात धुतला आणि मला म्हणाले, "गाडी काढ. दिंडोरीकडे जायचंय." ताट तसंच राहिलं.

बाबा द्राक्षांचे दलाल होते. तिकडच्या व्यापाऱ्यांसाठी इकडच्या बागा बघायच्या, भाव ठरवायचा आणि माल भरून द्यायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. जकातींवर माझा एक अख्खा धडा आहे. कोणत्या राजाने कोणत्या घाटात नाकं बसवलं, हे मी न बघता सांगू शकते. गाडी चालवताना मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. बाबा शेजारी बसून वाटेतल्या बागा बघत होते.

त्यांची कामाची रीत जुनी होती. ते इसार म्हणून आगाऊ पैसे देत नसत. बागेत फिरून झालं की मालकाला म्हणत, "बाग माझी." मालक म्हणे, "दिली." एवढ्यावर सौदा पक्का. त्यानंतर मालक ती बाग दुसऱ्या कुणाला दाखवत नसे. कुणी व्यापारी आलाच, तर त्याला बांधावरूनच परतवून लावायचा. आणि वेलींचं पाणी कमी करायचं, म्हणजे मण्यांत साखर भरते. पाणी तोडलेल्या बागेला मग थांबवता येत नाही. दिवस उलटले तर माल वेलीवरच मऊ पडतो.

आम्ही गेलो ती बाग अशीच दिलेली होती, पाणी तोडलेली. तोडणी दोन दिवसांवर आली होती.

मालक बाबांपेक्षा वयाने बराच लहान. गाडी बघून तो हसतच पुढे आला. "काका, तोडणीला अजून टाइम हाय की! आमच्यावर भरवसा नाय काय? आन् ताईंनाबी आणलं? आता पुस्तकातला भाव लावत्यात काय बघायचं."

"अहो, आधी पाणी तरी पिऊ द्या त्यांना," त्याची बायको ओट्यावरून म्हणाली.

बाबा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं. तिकडे कर वाढलाय. तो तिथला व्यापारी भरणार, आणि भरलेला इथल्या भावातून कापणार. ठरलेल्या भावात त्याला माल नको आहे. बाबांनी नवा भाव सांगितला. तो इतका हळू, की मालकाला आकडा पुन्हा विचारावा लागला.

"म्हंजे कर लावायचा त्यांच्या सरकारनं, आन् भरायचा आमच्या वेलींनी?" मालक एकटाच हसला.

"परवा तो दुसरा व्यापारी आलता," बायको म्हणाली. "चढा भाव देत होता. यांनी बांधावरूनच परतवून लावला. म्हणले, बाग काकांना दिलीय."

"गप ना तू."

"का गप? काकांना कळू दे की."

बाबा म्हणाले, "त्याला फोन करा."

स्वतः घेतलेल्या बागेसाठी दुसऱ्याला बोलवा, असं बाबांच्या धंद्यात कुणी म्हणत नाही. मालकही चपापला. मग तो फोन घेऊन वेलींखाली गेला. त्याचं अर्धंच बोलणं आमच्यापर्यंत येत होतं. "हो... आलीय कानावर? ...नाय, पण परवा तुम्हीच तर... असं कसं?" तो परत आला. "त्यालाबी कळलंय," एवढंच म्हणाला. तिकडे न जाणारा सगळा माल आता इथल्याच बाजारात येऊन भाव पाडणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

बाबांनी हात जोडले. मालकाने ते घाईने धरले. "काका, असं नका करू. कर काय तुम्ही लावला?"

"शब्द मी दिला होता."

मी गाडीजवळ उभी होते. मान खाली घातली होती ती वर करवेना. तेवढ्यात चहा आला. आम्ही तो प्यायलो. निघताना मालकाच्या बायकोने द्राक्षांनी भरलेली जाळीची पेटी मागच्या सीटवर ठेवली, तेव्हा बाबा "नको, नको" म्हणू लागले.

"नको काय? तशीबी आता कुणाला द्यायचीत?"

परतीच्या वाटेवर त्या द्राक्षांचा वास गाडीभर होता. दोघांपैकी कुणीही काच खाली केली नाही.

ती बाग पुढे मिळेल त्या भावाने इथल्याच बाजारात गेली, काही माल बेदाण्याला गेला. त्या आठवड्यात कॉलेज रोडवर हातगाड्या द्राक्षांनी भरून गेल्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी पेटी उघडली. "यंदा काय स्वस्त झालीत हो! घ्या ना मॅडम, तुमच्या घरचाच धंदा." मी मूठभर घेतली. गोड होती. गोड आहेत, असं मी म्हणालेसुद्धा. ती इतकी गोड का आहेत हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी आणखी घेतली.

बाबांनी त्यानंतर एकही बाग घेतली नाही. ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी ते गेले. त्यांचं हृदयाचं दुखणं जुनंच होतं. करामुळे गेले असं मी म्हणणार नाही. पण तोवर ते दिंडोरीकडचा फोन वाजला की मला उचलायला सांगत आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जात. "बाबा झोपलेत," असं मी सांगत असे. पलीकडून मालक म्हणे, "असू द्या, असू द्या. काय काम नव्हतं. तब्येत इचारायची होती."

दशक्रियेला तो गोदाघाटावर आला होता. सगळं आटोपेपर्यंत मागे उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "ताई, एकदा बागेत या. काका दरसाल यायचे." मी येते म्हणाले. म्हणताना मी त्याच्याकडे न बघता नदीकडे बघितलं; त्याला ते दुःख वाटलं, लाज नाही.

पुढच्या हंगामातही तिकडचा कर होता. त्या गावात आता नुसत्या शब्दावर बाग कुणी देत नाही, आधी इसार घेतात. मी अजून तिथे गेलेले नाही.